अर्ध्या अक्षराचा दाखला

कागदातलं मला कळतं. हे मी संकोचून वगैरे सांगत नाही. ज्याला जे येतं ते त्यानं सरळ सांगावं. नव्वदनंतरची आठ वर्षं मी इंदापूरला एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. कागद दोन बोटांत धरला की तो हातकागद आहे की गिरणीतला, हे मला समजायचं. कपाट उघडल्याबरोबर वासावरून सांगायचे, आत ओल आहे की कसर लागलीय. साहेब बदलून यायचे, पहिल्या आठवड्यात हुकूम सोडायचे आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात यायचं की या खोलीत हुकूम माझा चालतो.

मला हे सगळं तिथल्या एका म्हाताऱ्या शिपायानं शिकवलं. त्याला स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं, पण त्यानं बांधलेलं दप्तर तीस वर्षांनी सोडलं तरी कागद काल ठेवल्यासारखा निघायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाई, कागदाला चार दुश्मन. पानी, ऊन, वाळवी आन् शाना मानूस. पयल्या तिघांचा बंदोबस्त मी दावतो. चौथ्याचं तुमचं तुमी बगा."

मग त्यानं दाखवलं. कागदाला टाचणी ठेवायची नाही, ती गंजते आणि दहा वर्षांत आपल्या आकाराचं भोक पाडते. रबर तर मुळीच नाही, तो उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतो. सुती दोरा घ्यायचा, सैल बांधायचा. दप्तर गुंडाळायचा रुमाल नवा कोरा वापरायचा नाही. दोन पाण्यांतून काढून त्यातली खळ घालवायची, नाहीतर कसर आधी रुमाल खाते आणि मग तोंड लागलंच आहे म्हणून कागदाकडं वळते. कडुनिंबाचा पाला घालायचा तो सावलीत कडकडीत वाळवून. ओला पाला घातला तर आपणच आपल्या हातानं बुरशी पेरली म्हणायची. फाटक्या कागदाला चिकटवायची खळ घरी शिजवायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे किडा फिरकत नाही. माझं लग्नाचं वय तेव्हा उलटत चाललं होतं आणि मी घरी चुलीवर मोरचुदाची खळ शिजवत बसायचे. आई म्हणायची, हिला सासरी न्यायला कागदाचाच नवरा पाहिजे.

चौथ्या दुश्मनाचं मात्र तो म्हणाला ते खरं झालं. तो आमच्या घरातच निघाला. आमचे तात्या.

तात्या म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेचे गुरुजी, छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. कऱ्हाटीच्या पलीकडं आमचं गाव. थोडी जिरायत जमीन, दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या खाली पत्र्याची ट्रंक. या ट्रंकेत घरातले सगळे कागद. मी नोकरीला लागल्यावर पहिलं काम केलं ते या ट्रंकेचं. प्रत्येक कागद उलगडून, घड्या हातानं सरळ करून, कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात सुटा ठेवला. वर नाव लिहिलं. तात्यांनी चष्मा लावून सगळी पाकिटं तपासली आणि म्हणाले, "झ्याक. शंभरातलं नव्वद." दहा मार्क कशाचे कापले ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तर लोक पैकीच्या पैकी देत नाहीत.

पण तात्यांना नव्याची फार हौस. बारामतीच्या स्टँडजवळ तेव्हा झेरॉक्सच्या दुकानांत लॅमिनेशनची मशीन आली होती. कागद प्लॅस्टिकच्या दोन पानांत घालायचा, गरम रुळांमधून काढायचा, की काचेसारखा कडक होऊन बाहेर. लोक वेडे झाले होते. लग्नाच्या पत्रिका, देवाचे फोटो, दहावीच्या मार्कलिस्टा, जे सापडेल ते रुळांत घालत होते. लोणी भापकरच्या बाजारात भेटलेल्या कुणीतरी तात्यांना सांगितलं की आता कागदाला मरण नाही. तात्या पिशवी भरून बारामतीला गेले.

त्या रविवारी मी इंदापूरहून घरी आले, तर ओसरीवर चटई टाकून सगळा माल मांडलेला. दाखले, सातबारा, पेन्शनचा कागद, रेशनकार्ड. ऊन पडून सगळं लखलखत होतं. तात्यांनी त्यांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला उचलून माझ्या हातात दिला.

"पानी वत आता ह्याच्यावर. वत म्हंतो ना. शंभर वर्सं काय बी होत न्हाय."

माझं टाळकंच फिरलं. "तात्या, रेशनकार्डात उद्या धान्य चढवायचं झालं तर दुकानदार काय प्लॅस्टिकवर लिहिणार हाय? आन् ह्ये आता निघत न्हाय. त्यो डिंक गरम होऊन कागदात मुरलाय. सोडवाय गेलं तर कागदाचं सालटं निघून यील. औषध लावलं तर शाई जाईल. तुमी ह्याला जपलं न्हाय, पुरलं."

तात्यांनी एक एक कागद उचलून ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. मी जेवताना तोंड फुगवून बसले आणि दुपारच्या एसटीनं परत गेले. रागाच्या भरात मी त्या दाखल्याचं प्लॅस्टिक तेवढं पाहिलं. कागद पाहिलाच नाही. आठ वर्षांच्या नोकरीत मी केलेली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी घरात केली.

पुढच्याच वर्षी धाकटीची, म्हणजे माझ्या बहिणीची, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली. तीन वर्षं हॉस्टेलवर राहून, पाण्यासारखी डाळ खाऊन तिनं ते शिक्षण पुरं केलं होतं. ऑर्डर आली, पण त्यात एक अट होती. जातीच्या दाखल्याची पडताळणी करून आणायची, मुदतीत. मुदत गेली तर यादीतली पुढची मुलगी बोलावणार. पडताळणीसाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा होता.

मी धाकटीला घेऊन पुण्याला त्या कार्यालयात गेले. समोर एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी दाखला हातात घेतला, उलटसुलट केला आणि खिडकीकडं तोंड करून उजेडात धरला. मी नेहमी करते तसंच. मला त्या बाई लगेच आवडल्या. पण पुढच्याच क्षणी उजेडात मलाही दिसलं. तात्यांच्या नावाच्या शेवटी एका अक्षराएवढ्या जागेत कागद पातळ होता. तिथून उजेड जास्त येत होता.

"इथं खरवडलेलं आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "जातीचा रकाना, जन्मतारीख स्वच्छ आहे. पण नावात खाडाखोड आहे, आणि वर लॅमिनेशन. मला बोट फिरवून बघता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा. आणि हे कुणी केलं, का केलं, ते लेखी द्या. मुदतीला अजून वीस दिवस आहेत, तोवर थांबते."

परतीच्या गाडीत धाकटी एकच विचारत होती, "ताई, तात्यांनी खोटा दाखला केला व्हय गं?" मी तिला गप्प बसवलं. पण तोच प्रश्न माझ्याही डोक्यात घोळत होता, आणि मला तात्यांचा नाही, माझाच राग येत होता. कागद ओळखते म्हणून गावभर मिरवायचं आणि बापाचा दाखला कधी उजेडात धरायचा नाही.

तात्या ओसरीवर पेपर वाचत होते. मी दाखला पुढं ठेवला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी पेपराची नीट घडी केली.

"म्या खरवडलं," ते म्हणाले. "ट्रेनिंगला गेलो हुतो तवा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या काळी शाळेत नाव घालताना आमच्या वस्तीतल्या पोराचं नाव मास्तर नीट लिहायचेच नाहीत. नावाला 'या' लावायचे. कुत्र्याला हाक मारावी तसं. तात्यांचं नाव तसंच चढलं आणि तेच दाखल्यावर उतरलं. गुरुजी होण्यासाठी ते ट्रेनिंगला गेले. पहिल्या दिवशी भरल्या हॉलमध्ये दाखल्यावरून हजेरी घेतली. तात्यांचं नाव पुकारलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. एवढंच. त्या संध्याकाळी त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं. 'या'मधला 'य' खरवडला, काना तेवढा राहू दिला आणि तो शाईनं अलीकडच्या अर्ध्या अक्षराला जोडला. अर्धं अक्षर पुरं झालं. मग नाव चारचौघांसारखं दिसायला लागलं. पुढं नोकरीत, पेन्शनीत, सगळीकडं तेच नाव लागलं.

"लॅमिनेशन कशापाई केलं मंग?" मी विचारलं.

"त्या जागंवरनं बोट फिरवलं की खरबरीत लागायचं," तात्या म्हणाले. "चाळीस वर्सं लागत हुतं."

मला रडू आलं, आणि मी रडले. धाकटीही रडली. तात्या मात्र बघत बसले, शाळेत पोरं रडायला लागली की मास्तर बसतात तसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. शाळा मोठी झाली होती, पण जुनी रजिस्टरं त्याच लोखंडी कपाटात होती, आणि एका वर्षी छत गळून त्या कपाटात पाणी गेलं होतं. नाव घालताना प्रत्येक पोराची नोंद होते ते हे जनरल रजिस्टर. तात्यांच्या काळातलं रजिस्टर वाळून विटेसारखं झालेलं. पानं एकमेकांना चिकटलेली. मुख्याध्यापक भला माणूस, तात्यांना मान देणारा. ओशाळून म्हणाला, "गुरुजी, ह्ये उघडाय गेलं की तुकडं पडत्यात. म्हणून कुणी हातच लावत न्हाय."

"माझ्याकडं द्या," मी म्हणाले.

दिवाळीची सुटी होती. मुख्याध्यापकानं त्याचं टेबल मला दिलं. मी इंदापूरहून माझं सामान आणलं. टिपकागद, मऊ कुंचला, घासून पात्यासारखी पातळ केलेली बांबूची कामटी आणि खळीची डबी. चिकटलेलं पान कधी ओढायचं नाही. किटलीची वाफ लांबून द्यायची, कागद जरा सैलावला की कामटी आत सरकवायची, आणि कुठं अडलं तर थांबायचं. पान सुटलं की टिपकागदात ठेवायचं, उन्हात नाही. एका दिवसात सहा पानं सुटली तर खूप. तात्या समोरच्या बाकावर बसून असायचे. मी चहा प्यायला उठले की म्हणायचे, "घाई नको." त्यांना रजिस्टर नंबर पाठ होता. त्या नंबराचं पान कधी येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते पान सुटलं. जातीचा रकाना स्वच्छ. वडिलांचं नाव, गाव, सगळं वाचता येत होतं. शाई तपकिरी पडलेली, पण पक्की. तात्यांचं नावही होतं. फक्त त्यातला 'य' नव्हता. त्या जागेवरचं कागदाचं सालटं समोरच्या पानाला चिकटून निघून गेलं होतं, तुरीच्या सालीएवढं. म्हणजे तात्यांनी ब्लेडनं जे केलं, तेच रजिस्टरात पाण्यानं केलं होतं.

मुख्याध्यापकानं वाकून पाहिलं. शहाणा माणूस, लगेच समजला. खुर्चीत टेकत म्हणाला, "बाई, सुटलं ती सुटलं. ओलीनं गेलं. तुमी काय केलं न्हाय, मी काय केलं न्हाय. हितं दिसतं तसा उतारा देतो. दोनी कागद जुळत्यात. पोरीचं काम हुईल."

खरं सांगते, मला ते हवं होतं. मी तो 'य' समोरच्या पानावरून ओल्या कुंचल्याच्या टोकावर उचलला होता आणि नुसती फुंकर मारली असती तरी काम झालं असतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांचं कणभर सुद्धा जाऊ दिलं नव्हतं. घरच्यासाठी एक कण जाऊ दिला तर कुणाचं काय बिघडत होतं? धाकटीची मुदत संपायला बारा दिवस राहिले होते. मी तात्यांकडं पाहिलं.

तात्या उठून टेबलापाशी आले. त्यांनी त्या पानावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. त्या पानावर आमच्या वस्तीतली सात पोरं होती. सातही जणांच्या नावाला 'या'. बाकीच्यांची नावं नीट, घरी हाक मारत असतील तशी. तात्यांचं बोट प्रत्येकापाशी थांबत होतं. दोघं तर केव्हाच वारले होते, ते मलाही माहीत होतं.

"चिकटव," ते म्हणाले.

"तात्या, धाकटीचं—"

"चिकटव म्हंतो ना. माझं येकट्याचं नीट ठिवलंस तर उद्या वाचणारा म्हणंल, ह्यो येक बरा हुता, बाकीची सहा पोरं तसलीच असत्याल. असं न्हाय हुयाचं. आन् ही लाज माझी न्हाय. लिवणाऱ्याची हाय. ती नीट टिकव. तुला येतंय ना?"

मला येत होतं. मी खळीचं बोट लावलं, 'य' त्याच्या जागी बसवला, कोरा कागद ठेवून वरून दाबला. अर्ध्या तासानं पाहिलं तर शिवण सुद्धा दिसत नव्हती. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही, हेही सांगून टाकते.

मुख्याध्यापक उतारा लिहायला बसला. नावापाशी त्याचा पेन थांबला. त्यानं तात्यांकडं बघितलं. त्याच्या लहानपणी तात्यांनीच त्याला बाराखडी शिकवली होती.

"हाय तसं लिवा, सर," तात्या म्हणाले. त्यानं लिहिलं.

मग तात्यांनी प्रतिज्ञापत्र केलं. बारामतीच्या वकिलानं सल्ला दिला की खाडाखोडीचं कशाला लिहिता, दोन्ही नावं एकाच माणसाची एवढंच लिहा, बाकी विचारलं तर बघू. तात्यांनी ऐकलं नाही. दाखल्यातलं अक्षर मी स्वतः ब्लेडनं खरवडलं, ते का खरवडलं, आणि इतर काहीही बदललेलं नाही, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात, ओळी सरळ ठेवून, पान भरून लिहिलं. मी म्हटलं, यावरनं अर्ज फेटाळला तर? ते म्हणाले, "फेटाळू दे. खरं लिवून फेटाळला तर पुन्ना भांडता येतं."

अर्ज फेटाळला नाही. धाकटी मुदतीच्या आत रुजू झाली आणि आज तिच्या वॉर्डात तिचा दरारा माझ्यापेक्षा जास्त आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं, पुण्याच्या कार्यालयातलं. या वेळी तात्या स्वतः आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. चष्म्याच्या बाईंनी उतारा आणि लॅमिनेशनचा दाखला शेजारी शेजारी ठेवले. प्रतिज्ञापत्र सगळं वाचलं, एकदा नाही, दोनदा. मग त्यांनी रीतसर प्रश्न विचारला, जबाबात लिहायचा म्हणून.

"ही दोन नावं आहेत. यातलं तुमचं कुठलं?"

तात्या उभेच होते. त्यांनी आधी उताऱ्यावर बोट ठेवलं, मग दाखल्यावर.

"दोनी माझीच, बाईसाहेब. ह्ये मला शाळंनं ठिवलं. आन् ह्ये म्या कमावलं."

बाईंनी पेनचं टोपण काढलं. मला वाटलं, शुद्ध मराठीत करून लिहितील. पण त्यांनी ते वाक्य तात्यांच्या तोंडून आलं तसंच, 'ठिवलं' आणि 'म्या'सकट जबाबात उतरवलं, आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढं सरकवला.